जुनी चेनसॉ सुरू होते, पण रेस दिली की बंद पडते. कार्बोरेटर दोनदा साफ केला. भंगारात काढू का?

इतक्यात नको. दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होते, जागेवर नीट चालते आणि रेस दिली की घुसमटते, असं तुम्ही लिहिलंय. आमची चेनसॉ अगदी असंच करायची. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. पावसाळ्यात सोसायटीत गुलमोहराच्या फांद्या पडतात, त्या कापायला ती ठेवली आहे. (उभ्या झाडाला महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावू नका.) मिस्त्रीने तीन वेळा कार्बोरेटर धुतला. दोष निघाला पेट्रोलच्या पाईपमध्ये.

मशीन गार असताना प्लगची टोपी काढा, टाकी रिकामी करा आणि आतला पाईप तारेच्या आकड्याने बाहेर ओढा. टाकीच्या भोकातून पाईप जिथे आत शिरतो, तिथेच तो बोटांत धरून वाकवा. आमचा सरळ असताना धडधाकट दिसत होता, वाकवल्यावर केसाएवढी चीर उघडली. जागेवर चालताना पेट्रोल थोडंच लागतं, म्हणून भागतं. रेस दिली की त्या चिरेतून हवा ओढली जाते आणि इंजिन उपाशी पडतं.

पाईप चांगला असेल तर कार्बोरेटरचे डायफ्रॅम, म्हणजे आतले पातळ पडदे, पाहा. धुऊन ते सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. नवा पडदा मऊ असतो, जुना नखाने दाबला तर कडकड वाजतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या मशीनचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, शिवाय इथेनॉल ओलावा धरतं. आपल्याकडच्या दमट हवेत महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवूच नका.

कळकळीने सांगतो, तोवर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून काम भागवू नका आणि तशीच रेटून चालवूही नका. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग पिस्टन घासला जातो.

म्हणून सामान आणण्याआधी सायलेन्सर काढा. दोरी हळू ओढत बॅटरीच्या उजेडात त्या भोकातून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर खुशाल खर्च करा. उभे खोल ओरखडे असतील तर पिस्टन-सिलिंडरचा खर्च विचारून मगच ठरवा. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल तर ती आत्ताच साफ करा, कधी कधी तेवढ्यानेही फरक पडतो.

पाईप, फिल्टर आणि डायफ्रॅमचा किट एकदमच बदला. ठाण्यात नाही मिळालं तर मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला विचारा. जुन्या पाईपचा तुकडा आणि कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबरचा फोटो सोबत न्या. पाईप जरा जरी जाड किंवा बारीक झाला तरी टाकीच्या भोकात नीट बसत नाही.

नंतर ताजं पेट्रोल भरा. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली टू-टी ऑइल. पाच-दहा मिनिटं चालवून प्लग काढा. टोक विटकरी-तपकिरी दिसलं तर जमलं. पांढरं असेल तर हवा अजून कुठूनतरी शिरते आहे.