३ केव्हीए जनरेटरवर १ एचपीचा पंप, फ्रिज आणि दिवे एकत्र चालतील का? ३० मीटरला केबल कोणती?

चालतील, पण सगळं एकदम सुरू करू नका.

३ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर, आणि पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.८ धरला तर २.४ किलोवॅट. पाटीवर ‘मॅक्स’ आणि ‘रेटेड’ असे दोन आकडे असतील तर रेटेडच (सतत देता येणारी ताकद) खरा माना. दुकानदार हमखास मोठा आकडा सांगतो.

खरी अडचण पंपाची. चालू असताना तो ६-७ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून आधी पंप एकटा सुरू करा, तो स्थिरावला की फ्रिज, मग दिवे. पंप नुसता घुमत राहिला आणि फिरलाच नाही, तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग (मोटरमधली तारेची वेटोळी) जळेल. त्या पंपाला ५ केव्हीए घेतलेलं बरं.

केबल तांब्याची, तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटर घ्या. १३ अँपिअरला तिच्यात वाटेतच ६ व्होल्टच्या आसपास कमी होतात. १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये तेच १५ होतात आणि पंप उचलतच नाही. रीळवरची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते.

दोन्ही टोकांना प्लग लावून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडण्याचा प्रकार मात्र अजिबात नको. ती उलटी लाइनवर जाते आणि खांबावरचा वायरमन मरू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवून घ्या. आणि जनरेटर बाहेर, खिडक्यांपासून लांब, पडवीतसुद्धा नाही.