पांढऱ्यावर काळे : ‘ब्लॅक रायटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील एका लेखिकेच्या निबंधाचे मराठी भाषांतर करताना ‘ब्लॅक रायटर’साठी ‘निग्रो लेखक’, ‘काळा लेखक’, ‘कृष्णवर्णीय लेखक’ आणि ‘अश्वेत लेखक’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? शिवाय मूळ इंग्रजीत ‘ब्लॅक’चे आद्याक्षर मोठे असेल, तर देवनागरीत त्याचे काय करावे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. निवेदनात ‘कृष्णवर्णीय’ लिहावे, लेखिका स्वतःविषयी बोलते तेथे ‘काळी’ म्हणण्यास कचरू नये, जुन्या मजकुरातील ‘निग्रो’ त्या काळाचा म्हणून तसाच ठेवावा आणि ‘अश्वेत’ शक्यतो टाळावा. ‘अश्वेत’ हिंदी वृत्तपत्रांतून आपल्याकडे आला. ‘जो गोरा नाही तो’ एवढाच त्याचा अर्थ असल्याने ज्याच्याविषयी बोलायचे त्याची ओळख गोऱ्यावरूनच ठरते. या लेखकांचे लेखन दोन-अडीचशे वर्षे ज्या गोष्टीविरुद्ध चालले आहे, नेमकी तीच त्या शब्दात बसलेली आहे.

मराठीत लिहिण्याला ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतात, आणि आपली ‘शाई’ही मुळात फारसीतील काळेपणाचा शब्द आहे. अमेरिकेत मात्र काळ्या माणसाने पांढऱ्यावर काळे करणे हाच गुन्हा ठरवला गेला. 1739 मधील स्टोनो येथील गुलामांच्या बंडानंतर साउथ कॅरोलायना वसाहतीने 1740 मध्ये केलेल्या कायद्यात गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास शंभर पौंड दंड सांगितला होता. त्या कलमात बंदी लिहिण्यावर होती, वाचण्यावर नव्हती, हे मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे, कारण आपण ‘लिहिणे-वाचणे’ एका दमात म्हणून मोकळे होतो. वाचणारा गुलाम बायबल वाचील, पण लिहिणारा गुलाम मालकाच्या नावाने परवान्याची चिठ्ठी लिहून पळून जाईल, ही भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. पुढे गुलामीतून निसटून लेखक झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1836 मधील पलायनाच्या फसलेल्या बेतासाठी स्वतःला आणि सोबत्यांना असेच परवाने लिहून दिले होते. पुढे 1845 मध्ये त्यांचे आत्मकथन निघाले तेव्हा ‘त्याने स्वतः लिहिलेले’ हे शब्द शीर्षकपृष्ठावर छापावे लागले. (भाषांतरकारासाठी एक सूचना : या शब्दांना आपल्या जुन्या पत्रांतील ‘दस्तुरखुद्द’ जितका नेमका बसतो, तितका दुसरा शब्द मला सापडलेला नाही.)

लिहिले तरी ते यानेच लिहिले यावर विश्वास ठेवायला लोक तयार नसत. गुलाम कवयित्री फिलिस व्हीटली हिला 1761 मध्ये आफ्रिकेतून ज्या जहाजाने आणले त्या जहाजाचे नाव तिचे नाव झाले आणि ज्याने विकत घेतले त्याचे आडनाव तिला लागले. 1773 मध्ये लंडनला तिचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा या कविता तिच्याच आहेत अशी ग्वाही देणारे बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठितांच्या सह्यांचे निवेदन त्याला जोडलेले होते. नाव दुसऱ्याचे आणि साक्षही दुसऱ्याची, मधल्या कविता तेवढ्या तिच्या. 1827 मध्ये न्यूयॉर्कला सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी काळ्यांचे पहिले वृत्तपत्र काढले. आमची बाजू आम्हीच मांडू, आजवर फार काळ दुसरेच आमच्या वतीने बोलत आले, असे त्यांनी पहिल्याच अंकात बजावले, ते याच पार्श्वभूमीवर.

म्हणून या परंपरेत स्वतःला काय म्हणवून घ्यायचे हा शब्दनिवडीचा किरकोळ प्रश्न राहिला नाही. 1926 मध्ये कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांनी एका तरुण कवीचा दाखला दिला, ज्याला ‘निग्रो कवी’ नव्हे तर नुसता ‘कवी’ व्हायचे होते. विशेषण गाळण्याच्या या इच्छेमागे गोरे होण्याची इच्छा दडलेली आहे, असे ह्यूज यांचे म्हणणे होते. मला स्वतःला त्या तरुण कवीचीही बाजू थोडी पटते, पण इतिहासाने कौल ह्यूज यांना दिला. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी 1950 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवले, तेव्हा ‘निग्रो’ हा प्रतिष्ठित शब्द होता. 1967 मधील फिस्क विद्यापीठातील लेखकांच्या परिषदेनंतर त्यांनी स्वतःसाठी ‘ब्लॅक’ स्वीकारला आणि पुढे आपली पुस्तके डेट्रॉइटच्या एका कृष्णवर्णीय प्रकाशनाकडे दिली. कादंबरीकार टोनी मॉरिसन यांना तर ‘ब्लॅक लेखिका’ या विशेषणाने आपण लहान होतो असे कधी वाटले नाही.

आपल्याकडील ‘निग्रो’चा उगमही येथेच कळतो. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या साहित्याची ओळख मराठीला करून दिली, तेव्हा त्यांनी ‘निग्रो साहित्य’ हाच शब्द वापरला. इंग्रजीतही तो नुकताच मागे पडू लागला होता, त्यामुळे त्यात त्यांचा दोष काढणे बरोबर नाही. 1972 मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून नाव घेऊनच. ‘दलित’ हाही ‘ब्लॅक’सारखाच अंगावर टाकलेल्या दुःखातून उचलून स्वतः धारण केलेला शब्द, त्यामुळे ‘दलित लेखक की नुसता लेखक’ हा वाद ज्याने ऐकला आहे त्याला ह्यूज यांचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

राहिला ‘काळा’. काळा बाजार, काळे धंदे, तोंडाला काळे फासणे अशा प्रयोगांमुळे तो शिष्ट लेखनात ओशाळवाणा वाटतो, पण याच भाषेत गावाची शेतजमीन ‘काळी’ आणि वस्तीची जागा ‘पांढरी’ असते, शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो आणि पंढरीचा देवही काळाच आहे. शब्दाला जोर आहे, मात्र तो दुसऱ्याने म्हणण्यात आणि स्वतः म्हणण्यात फरक पडतो.

आता मोठ्या आद्याक्षराविषयी. ‘निग्रो’चे पहिले अक्षर मोठे छापावे यासाठी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला आणि 1930 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो मान्य केला. ‘ब्लॅक’ला तो मान मोठ्या वृत्तसंस्थांनी 2020 मध्ये दिला. रंगाचे नाव आणि माणसांचे नाव वेगळे दिसावे हा त्यामागचा हेतू. देवनागरीत अक्षर लहान-मोठे होत नाही, आणि अवतरणचिन्हे घातली तर ‘तथाकथित’ असा भलताच अर्थ डोकावतो. सुदैवाने मराठीत कोणी ‘कृष्णवर्णीय छत्री’ म्हणत नाही. तो शब्द फक्त माणसांसाठीच वापरला जातो, म्हणून इंग्रजीतील मोठ्या अक्षराचे काम तो आपोआप करतो. ‘वर्ण’मुळे मराठी कानाला चातुर्वर्ण्याची आठवण होते हे खरे, पण संदर्भ अमेरिकेचा असला की घोटाळा होत नाही.

तेव्हा तुमच्या भाषांतरात प्रस्तावना आणि तळटिपांत ‘कृष्णवर्णीय लेखिका’ ठेवा. निबंधात ती ‘मी’ म्हणून बोलते त्या वाक्यात ‘मी काळी लेखिका आहे’ असेच लिहा आणि तेथे तिच्या वतीने शब्द सौम्य करू नका.