पातळ लॅपटॉप तापतोय? आधी हे बघ

तापतोय म्हणून लगेच विंडोज नव्याने टाकू नकोस. पातळ लॅपटॉप हवा बहुतेक खालच्या जाळीतून घेतो आणि तू तो गादीवर ठेवतोस. टेबलावर ठेव, मग टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, कोणता प्रोग्रॅम खातोय ते बघ. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

बॅटरीला मात्र हलक्यात घेऊ नकोस. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप कर. अहवालात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० आणि फुल चार्ज (आताची क्षमता) ३०,००० दिसली, तर ४० टक्के क्षमता गेली. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही? बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर, टोचायला किंवा दाबायला जाऊ नकोस. दुरुस्तीला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात न्यायचा तर गर्दीची लोकल नको, टॅक्सी कर. नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर जुळवून घे, स्वस्तात मिळतेय म्हणून भलतीच बसवू नकोस.

पावसात सॅक भिजली असेल तर लॅपटॉप पूर्ण सुकेपर्यंत चालू करू नकोस, चार्जरही लावू नकोस.

पातळ लॅपटॉपची रॅम (चालू कामाची मेमरी) बहुधा बोर्डावरच जोडलेली असते, वाढवता येत नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, बदलता येते का ते विचार. पण आधी बॅकअप घे.