टॉयलेटसाठी पॉलिसीवर कर्ज काढावं का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर १९९८ सालचं आहे, आम्ही चार वर्षांपूर्वी घेतलं. तीनपैकी तळघरातलं टॉयलेट महिन्यातून दोन-तीनदा तुंबतं, आणि फ्लश केलं की शेजारच्या शॉवरच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि त्यांची खोली तळघरातच आहे. दुकानदाराने तिन्ही ठिकाणी प्रेशर असिस्टेड (हवेच्या दाबाने जोरात फ्लश होणारं) टॉयलेट सुचवलं आहे. बसवण्यासकट २,७०० डॉलर होतील, पण पाणी वाचून दोन वर्षांत वसूल होतील म्हणतो. बचत खात्यात ४,००० डॉलरच आहेत. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नावाने आययूएल पॉलिसी (आयुर्विमा आणि शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेली बचत एकत्र) घेतली, तिचा महिना १,००० डॉलर हप्ता जातो. त्यात २७,००० जमा आहेत, सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज मोडली तर हातात येणारी रक्कम, १५,००० दिसते. एजंट मंडळातलेच, मिस्टरांचे मित्र आहेत. पॉलिसीवर बिनव्याजी कर्ज मिळतं असं ते सांगतात. हप्ता जमावा म्हणून मिस्टरांनी ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यामध्ये भरणं तेव्हापासून थांबवलंय. त्यांचा पगार १,१०,००० आहे, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते. विमा ५ लाखांचा. त्यांचं वय ३८, मी सध्या नोकरी करत नाही, दोन मुलं आहेत. कर्ज काढावं की दुकानाच्या कार्डावर, वर्षभर बिनव्याजी, घ्यावं?

उत्तर: कर्ज काढू नका, कार्डही वापरू नका, आणि तिन्ही टॉयलेट तर मुळीच बदलू नका.

आधी ती गुडगुड. शॉवरच्या जाळीतून आवाज येतोय म्हणजे पाणी टॉयलेटच्या भांड्यातून बाहेर पडतंय आणि पुढे कुठेतरी अडतंय. पाइपातल्या हवेला वाट मिळत नाही, म्हणून ती जवळच्या जाळीतून वर येते. अडथळा सांडपाण्याच्या मुख्य पाइपात असेल, झाडाची मुळं शिरली असतील, नाहीतर छपरापर्यंत जाणारा हवेचा (व्हेंट) पाइप बुजला असेल. तळघर सगळ्यात खाली, म्हणून तक्रार तिथे आधी दिसते. अशा पाइपावर जास्त जोराचं टॉयलेट बसवलं तर तेच पाणी जोराने अडथळ्यावर आदळेल आणि शॉवरमधून वर येईल. प्लंबरकडून पाइपात कॅमेरा घालून तपासून घ्या. काहीशे डॉलरचं काम आहे, आणि ते झाल्याशिवाय टॉयलेटवर एक डॉलरही खर्च करू नका. हा आवाज ऐकूनही, की न विचारताच, दुकानदाराने तीन टॉयलेट सुचवली? दोन्ही प्रकारांत त्याचा सल्ला घेण्यासारखा नाही.

पाणी वाचण्याचा हिशेब दोन ओळींत होतो. १९९८ च्या घरात मूळचीच टॉयलेटं असतील तर ती फ्लशमागे १.६ गॅलनची असणार, कारण १९९२ च्या कायद्याने १९९४ पासून तीच कमाल मर्यादा आहे. नवीन १.१ गॅलनचं घेतलं तर फ्लशमागे अर्धा गॅलन वाचेल. चौघांचे दिवसाला २० फ्लश धरले तर दिवसाला १० गॅलन, वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास. पाणी आणि सांडपाणी मिळून गॅलनला दीड सेंट धरला तर वर्षाला पन्नासेक डॉलर. २,७०० वसूल व्हायला पन्नास वर्षं लागतील. घरात जुनी, ३.५ गॅलनची भांडी असती तर गोष्ट वेगळी होती. खात्री करायची असेल तर टाकीचं झाकण उचलून आतल्या भिंतीवर किंवा झाकणाच्या खालच्या बाजूला उमटवलेली तारीख बघा.

प्रेशर असिस्टेड ही वाईट वस्तू नाही. चिनीमातीच्या टाकीच्या आत एक बंद डबा असतो. नळाचं पाणी स्वतःच्या दाबाने त्यात शिरतं आणि आतली हवा दाबली जाते. फ्लश केलं की ती हवा पाण्याला जोरात खाली लोटते. वीज लागत नाही, पण नळाला किमान २५ पीएसआय दाब लागतो. पाणी आतल्या डब्यात राहत असल्याने दमट हवेत टाकीला बाहेरून घाम येत नाही. १.६ गॅलनची सुरुवातीची साधी टॉयलेटं धड साफ होत नसत, तेव्हा हा चांगला तोडगा होता. आता साधी, पाणी नुसतं वरून सोडणारी टॉयलेटंही सुधारली आहेत. सोयाबीनच्या पेस्टचे गोळे टाकून होणारी मॅप नावाची चाचणी आहे, तिचे निकाल फुकट बघायला मिळतात. त्यात एका फ्लशमध्ये १,००० ग्रॅम वाहून नेणारी साधी मॉडेलं भरपूर आहेत.

शिवाय आवाज. प्रेशरवालं टॉयलेट फ्लशच्या वेळी एकदम फुत्कारतं, आणि तुमच्याकडे भिंतीपलीकडे दोन वयस्कर माणसं झोपणार आहेत, रात्री दोनदा-तीनदा उठणारी. दुरुस्तीही महाग. साध्या टाकीचा फ्लॅपर (पाणी अडवणारी रबरी झडप) कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काही डॉलरना मिळतो आणि घरी बदलता येतो, इथे आतला डबा बदलायचा तर शंभर डॉलरच्या पुढे. कुणाकडून जुनं घ्यायच्या विचारात असाल तर तेही टाळा. २०१२ मध्ये फ्लशमेट कंपनीच्या सुमारे २३ लाख टाक्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण आतल्या डब्याचा सांधा उकलून दाब एकदम सुटला की बाहेरची टाकी फुटू शकत होती. २०१८ मध्ये आणखी एका मॉडेलच्या १४ लाखांच्या आसपास टाक्या परत बोलावल्या गेल्या.

पाइप स्वच्छ निघाला आणि तरीही तुंबत राहिलं, तर फक्त तळघरातलं एक बदला. १,००० ग्रॅमचं साधं मॉडेल, बैठक १७ इंच उंचीची, म्हणजे सासू-सासऱ्यांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. भिंतीपासून खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजून न्या, बहुतेक १२ इंच भरेल. तपासणी आणि टॉयलेट मिळून खर्च ४,००० मध्ये आरामात बसतो. दुकानाच्या कार्डावरचं ‘बिनव्याजी वर्ष’ बहुतेक वेळा असं असतं की वर्षअखेर थोडी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं, तेही २५-३० टक्क्यांनी.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण पत्र वाचताना ज्याने काळजी वाटली, ते. हप्ता जमावा म्हणून ४०१(के) थांबवलंय, हे तुम्ही सहज लिहून गेलात. ताई, तुमच्या घरातली सगळ्यात महागडी गोष्ट तीच आहे.

पगाराचे ६ टक्के म्हणजे ६,६०० डॉलर. त्यावर कंपनी वर्षाला ३,३०० घालणार होती. तीन वर्षांत दहा हजारांच्या जवळपास तुम्ही कंपनीकडेच सोडून दिले. आणि ज्यासाठी सोडले तिथे ३६,००० भरून आज हातात येतील १५,०००. म्हणजे २१,००० तिथले आणि १०,००० इथले, मिळून ३१,०००. त्यातून तीन वर्षांच्या विम्याची खरी किंमत दीड-दोन हजार वजा करा.

२७,००० हा आकडा डोक्यातून काढून टाका. आज पॉलिसी मोडली तर तो तुमचा नाही, आणि कर्जही सरेंडर व्हॅल्यूच्या आतच मिळतं. ते बिनव्याजीही नसतं. कंपनी व्याज लावते, आणि तारण रकमेवर तीही काहीतरी देते, म्हणून काही पॉलिसींत फरक कमी दिसतो एवढंच. व्याज न भरता चढत गेलं आणि पुढे कधी पॉलिसीच बंद पडली, तर नफ्याच्या भागावर एकदम टॅक्स येऊ शकतो.

‘बाजार पडला तरी शून्याच्या खाली जात नाही’ हे वाक्य मित्राने सांगितलं असणारच. शून्याच्या खाली जात नाही ते जमा होणारं व्याज. विम्याचा खर्च आणि पॉलिसीची फी त्याही वर्षी कापली जाते, म्हणजे शून्याच्या वर्षी तुमची रक्कम घटते. चांगल्या वर्षी वर कॅप, म्हणजे कमाल व्याजाची मर्यादा, असते, ती कंपनी बदलू शकते, आणि एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाचा लाभांश तुम्हाला मिळत नाही. घेताना दाखवलेल्या तक्त्यात साठाव्या वर्षापासून दरसाल टॅक्स-फ्री पैसे येताना दिसले असतील. तो तक्ता म्हणजे दरवर्षी सहा-साडेसहा टक्के मिळतील ही आशा. ती इतकी फुगली होती की २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये विमा नियामकांना अशा तक्त्यांवरचे नियम कडक करावे लागले. त्याच कागदावर ‘गॅरंटीड’ नावाचा रकाना असतो. तो आज रात्री काढून वाचा. त्यात पॉलिसी कितव्या वर्षी संपते ते लिहिलेलं असतं.

टॅक्स-फ्रीच हवं असेल तर रॉथ आयआरए (टॅक्स भरलेले पैसे घालून निवृत्तीत टॅक्स न लागता काढायचं खातं) आहे, आणि नोकरी नसली तरी पतीच्या उत्पन्नावर तुमच्या नावानेही उघडता येतो. हे न सांगता एका कमावत्या माणसाच्या घरात महिना हजाराची पॉलिसी विकणं, तीही पाच लाखांच्याच विम्यासाठी, याचा मला राग येतो. दोन मुलं पदरात असताना पाच लाख म्हणजे पगाराची साडेचार वर्षं. ३८ वर्षांच्या निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला दहा लाखांचा २० वर्षांचा टर्म विमा (ठरावीक वर्षांपुरता, बचत नसलेला) महिना साठ-सत्तर डॉलरच्या आसपास मिळतो.

तेच वर्षाचे १२,००० वेगळे मांडून बघू. ६,६०० पुन्हा ४०१(के) मध्ये घातले तर टॅक्स वाचून हातातून साडेपाच हजारांच्या आसपासच जातील, आणि कंपनीची भर धरून खात्यात ९,९०० पडतील. ५ टक्क्यांनी २० वर्षांत ते सव्वातीन लाखांच्या वर जातात. टर्मला आठशे, तुमच्याही नावाने छोटा टर्म काढलात तर आणखी तीनशे. उरलेले पाच हजार अडीअडचणीच्या गंगाजळीत, ती भरली की रॉथमध्ये.

‘सरेंडर चार्ज दरवर्षी कमी होतो, थांबा’ असं मित्र म्हणतील. पॉलिसी मोडताना कापला जाणारा हा चार्ज उतरतो, पण थांबण्यासाठी दरसाल १२,००० घालत राहणं परवडणारं नाही. मिस्टरांना गेल्या तीन वर्षांत मधुमेह, रक्तदाब असं काही निघालं असेल तर मात्र नवा विमा महाग पडेल किंवा मिळणार नाही. तसं असेल तर पॉलिसी मोडू नका, कमीत कमी हप्त्यावर चालते का ते कंपनीला लेखी विचारा.

तब्येत ठीक असेल तर क्रम असा. पुढच्या पगाराआधी ४०१(के) पुन्हा ६ टक्क्यांवर सुरू करा. लगेच टर्मसाठी अर्ज करा. तोवर हप्ता थांबवला तर खर्च जमा रकमेतून वळता होतो आणि पॉलिसी चालू राहते याची कंपनीकडून लेखी खात्री करून घ्या, मगच हप्ता थांबवा. टर्म मंजूर होऊन पहिला हप्ता गेला की जुनी पॉलिसी सरेंडर करा, एक दिवसही आधी नाही. येणारे १५,००० बचत खात्यात राहू द्या, ते टॉयलेटसाठी नाहीत. भरल्यापेक्षा कमी मिळत असल्याने त्यावर टॅक्स लागणार नाही.

मित्र दुखावतील ही भीती पत्रात लिहिली नाहीत, पण ती असणार. अशा पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा मोठा हिस्सा कमिशनमध्ये जातो, तो त्यांना केव्हाच मिळालेला आहे. सरेंडरचा फॉर्म कंपनीकडून थेट मागवता येतो, त्यावर त्यांची सही लागत नाही.