शाळा नाही, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) नाही. आरव्हीतून, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतून, वाळवंटात फिरणारं ज्यू कुटुंब शब्बाथ कसा पाळतं आणि मुलं शिकतात तरी काय?

शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ विश्रांतीचा वार, ज्यात आग-दिवा पेटवायचा नसतो, तो पाळता येतो, आणि शहरापेक्षा सोपा पडतो. मुलंही शिकतात. एवढ्यावर थांबले असते, पण "शिकतात तरी काय" यातला 'तरी' झोंबला. माझ्या नणंदबाई न्यू जर्सीहून दर फोनला हाच सूर लावतात.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. माहेर पेण, सासर ठाणे. सध्या बिऱ्हाड चाकांवर, थंडीत अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत.

सुक्कोथच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, सुमाराची गोष्ट. शुक्रवारी ट्युबा सिटीत पोचलो. रात्रीची जागा गावातल्याच आरव्ही पार्कात घेतलेली, वाटेत किराणा घ्यायला उतरलो. शब्बाथचे दिवे लावायची वेळ फ्लॅगस्टाफला कागदावर उतरवून घेतली होती: पाच चाळीस. दुकानातलं घड्याळ बघते तर पावणेसहा! नवरा तिथेच घामाघूम. भाजी कच्ची, गाडीची सांडपाण्याची टाकी रिकामी करायची राहिलेली. फोन काढला तर तो पावणेपाच सांगतोय.

थोरली ढिम्म. बाहेर गेली, हात ताठ लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरून मोजली. "पाच बोटं. अजून सव्वा तास आहे सूर्यास्ताला." एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं धरतात. दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावतात, ती वजा करून तिनेच सांगितलं, की तासाला थोडी कमी वेळ हातात आहे, आई, तू कांदा चिर.

भानगड अशी, की अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच्याच पोटातलं नवाहो नेशन (नवाहो या मूळ रहिवासी जमातीचा प्रदेश) मार्च ते नोव्हेंबर करतं, आणि नवाहोंच्या मधोमध असलेली होपी ही दुसरी जमात पुन्हा करत नाही. ट्युबा सिटी नवाहोंची, तिला खेटून असलेलं मोएन्कोपी होपींचं. रस्ता ओलांडला की तास बदलतो. शब्बाथभर गाडी जागची हलली नाही, आणि पोरांनी अख्खा दिवस रेखांश, घड्याळं आणि कुणाची सत्ता कुठवर यावर वाद घातला. कुठल्या वर्गात हे एवढं झालं असतं?

कामाचं सांगते. सरकारी बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) जमिनीवर बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस फुकट राहता येतं. शुक्रवारी दुपारपर्यंत पाणी भरून, ग्रे (धुण्याभांड्याच्या पाण्याची) आणि ब्लॅक (संडासाची) टाकी रिकामी करून तिथे गाडी लावायची. जनरेटर बंद, फ्रीज प्रोपेनवर, एक दिवा आधीपासून लावलेला. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मटण असेल तर नारळाच्या दुधात, ते आपल्या आयांनी केव्हाच सोडवून ठेवलंय. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, द्राक्षाचा रस मिळाला नाही तर मनुकांचं सरबत. सुक्का, म्हणजे सुक्कोथचा झावळ्यांचा मांडव, मात्र गाडीच्या बाहेरच बांधावा लागतो, पत्र्याचं छत चालत नाही. झावळ्या फीनिक्सहून न्या, राष्ट्रीय उद्यानात काडीही तोडू देत नाहीत.

आता नणंदबाई. त्यांचं म्हणणं, समाज सोडून राहिलं की धर्म सुटतो. अहो, आपले पूर्वज कोकणात गावोगावी दोन-चार घरं करून राहिले, तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. 'शनवार तेली' हे नाव त्यातूनच पडलं. हाताशी रब्बी (धर्मगुरू) नव्हता, तोंडी शेमा ही प्रार्थना तेवढी टिकली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं 1796 मध्ये. त्याआधीच्या पिढ्या काय बिनधर्माच्या होत्या? आणि इकडचं बघायचं तर प्रशियात जन्मलेला सॉलोमन बिबो 1885 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आकोमा प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीचा गव्हर्नर झाला. ज्यू माणूस, आकोमातलीच बायको. मुलांना त्या पठारावर उभं करून हे सांगितलं. धाकट्याने लगेच विचारलं, त्याला मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारी दहा माणसं) कुठून मिळायचं? शंका काढायला लागला, म्हणजे शिकतोय.

"तुम्ही धर्मांतर कधी केलंत?" असं एका ठिकाणच्या सिनेगॉगमध्ये मला विचारलं होतं, तेव्हा याच नणंदबाई शेजारी गप्प बसल्या होत्या. असो.

कायद्याचं राज्यागणिक वेगळं. अ‍ॅरिझोनात काउंटीच्या स्कूल सुपरिंटेंडंटकडे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, न्यू मेक्सिकोत शिक्षण खात्याला कळवावं लागतं, टेक्ससमध्ये कळवावंही लागत नाही. कायमचा पत्ता एकाच राज्यात ठेवा. आई-बाबा दोघांनाही शिकवायचा कंटाळा असेल तर यात पडू नका, मुलं नुसती खिडकीतून बाहेर बघत बसतात. उन्हाळ्यात तर या बाजूला फिरकूच नका. शब्बाथला एरुव्ह (सामान नेता यावं म्हणून आखलेली हद्द) नसताना सामान नेत नाहीत हे खरं, पण वाळवंटात पाण्याची बाटली हा जिवाचा प्रश्न आहे; आपापल्या रब्बींशी आधीच बोलून ठेवा. आणि काद्दिश (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) म्हणायचा असेल तेव्हा दहा माणसं लागतातच, त्या आठवड्यात सरळ ट्युसॉन नाहीतर फीनिक्स गाठा.