सुरुवातीला दोनच साधनं घ्या

मॅडम, वर्गात डिजिटल साधनं वापरायची म्हणून एकदम दहा ॲप घेऊ नका. मी तेच केलं होतं आणि पासवर्ड शोधण्यातच तास संपायचे. सध्या दोन पुरेत:

– दीक्षा, म्हणजे शालेय अभ्यासाचं सरकारी ॲप: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. आदल्या रात्री घरीच डाउनलोड करा. शाळेतल्या नेटवर विसंबलात की संपलंच!

– फेट (PhET) ही वेबसाइट: विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, बरीचशी मराठीतही. विद्युत परिपथ दाखवताना आधी विचारा, 'एकसर जोडणीत दुसरा बल्ब लावला तर पहिला मंद होईल का?' उत्तर वहीत लिहून घ्या, मगच जोडून दाखवा.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच, तोही थांबवत थांबवत. तो लावून वह्या तपासत बसणं ही नेहमीची चूक. गूगल फॉर्मच्या चाचण्या दिवाळीनंतर बघू.