कीटकनाशकाच्या विषबाधेवर अँटिऑक्सिडंट नेमाने का दिली जात नाहीत?

आपण विचारले आहे की, उंदरांवरील प्रयोगांत जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व सी आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन यांसारख्या अँटिऑक्सिडंटमुळे (ऑक्सिडीकरणाने होणारी इजा रोखणाऱ्या पदार्थांमुळे) कीटकनाशकाने होणारी हानी घटलेली दिसते, तर रुग्णालयात ती नेमाने का देत नाहीत. मी औषधशास्त्र शिकवतो आणि असा शोधनिबंध हाती आला की आधी एकच गोष्ट पाहतो: औषध विषाच्या आधी दिले की नंतर. अनेक प्रयोगांत ते आधी किंवा विषाबरोबरच दिलेले असते. माणूस मात्र दवाखान्यात पोहोचतो तो विष भिनल्यावर, काही तासांनी. शिवाय मोजले जाते ते बहुधा मॅलोन्डायअल्डिहाइड, म्हणजे पेशींतील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण झाल्याची खूण, आणि ती खूण उतरली म्हणजे रुग्ण वाचला असे नव्हे. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या बाधेत जीव जातो तो मुख्यतः अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे नसांचे रासायनिक संदेश वेळीच थांबवणारे विकर (एन्झाइम) निकामी होऊन श्वास बंद पडल्याने. तिथे अ‍ॅट्रोपिन (या बाधेवरचा नेहमीचा उतारा) आणि वेळेवर व्हेंटिलेटर यांचाच आधार असतो.

पॅराक्वाट या तणनाशकाबाबत अँटिऑक्सिडंटची कल्पना खरोखर सयुक्तिक आहे, कारण ते फुप्फुसात साठते आणि तिथे ऑक्सिजनपासून पुन्हा पुन्हा सुपरऑक्साइड, म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रूप, तयार करते. म्हणूनच अशा रुग्णाला गरजेवाचून ऑक्सिजन देणे टाळतात. इतका थेट संबंध असूनही या औषधांनी मृत्यू टळतात, हे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

एखाद-दुसऱ्या आशादायक चाचणीवर विसंबणेही अवघडच. ऑरगॅनोफॉस्फेटवरील प्रॅलिडॉक्झिम पाहा (हे निकामी झालेले ते विकर पुन्हा चालू करण्यासाठी दिले जाणारे औषध; अँटिऑक्सिडंट नव्हे, पण त्याची उदाहरणे बोलकी आहेत). बारामतीत २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना सुरुवातीला २ ग्रॅम औषध देऊन पुढे ४८ तास एका गटाला दर तासाला १ ग्रॅम सलग, तर दुसऱ्याला दर चार तासांनी १ ग्रॅम दिले. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १ आणि ८ टक्के राहिले. श्रीलंकेतील २००९ च्या चाचणीत मात्र सलाइनच्या तुलनेत या औषधाचा फायदा आढळला नाही. दोन्हीकडे मृत्यूही मोजले होते. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची चाचणी घ्यायची झाल्यास मीही आधी मृत्यू आणि व्हेंटिलेटरवरचे दिवस मोजेन, रक्तातील खुणा नंतर. आणि विष नेमके कोणते, हे निश्चित झाल्याखेरीज रुग्णांना एका गटात घालणार नाही.